मास्तरांची आंघोळ

सिस्टरनी गाडी भर रस्त्यात थांबवली, हँडब्रेक ओढला आणि आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. मागच्या गाड्यांनी लगेच हॉर्नचा गजर सुरू केला.

“विनाकारण गाडी थांबवायची नाही. किती वेळा सांगितलं?” मास्तर म्हणाले.

“कारण आहे.”

“काय कारण?”

“तुम्ही. मास्तर, शेवटची आंघोळ कधी केलीत?”

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं आणि शिकवायच्या गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि त्या ब्रेकच्या जोरावर त्यांना जगात कोणाची भीती वाटत नसे. रडवेल्या पोरी, शिव्या हासडणारे ट्रकवाले, परीक्षा घेणारे साहेब, सगळ्यांशी ते एकाच खणखणीत आवाजात बोलत. पण हा असला प्रश्न त्यांना शाळेत जायला लागल्यापासून कोणी विचारला नव्हता.

“हा काय प्रश्न झाला?”

“मी वॉर्डात रोज विचारते. त्यात लाजायचं काय?” सिस्टर हाडांच्या दवाखान्यात नर्स होत्या. वयाच्या पंचेचाळिशीत गाडी शिकायला निघाल्या होत्या आणि चढावर गाडी मागे घसरते एवढं सोडलं तर त्यांना कसलीच धास्ती नव्हती.

“सकाळीच केली,” मास्तर म्हणाले.

“खोटं. सकाळी पावडर मारलीत. ती कॉलरवर दिसतेय. आधी गाडी कडेला घेते, मग बोलू.”

इंडिकेटर देऊन, आरशात बघून, अगदी शिकवलं होतं तसं त्यांनी गाडी कडेला घेतली. मास्तरांना त्यातही चूक काढता आली नाही, याचा त्यांना जास्त राग आला.

“हे बघा,” सिस्टरनी आरशाला लटकणाऱ्या सुगंधी पुठ्ठ्याला टिचकी मारली. “आधी लिंबू होतं. मग गुलाब आला. आता म्हणे समुद्राचा वास. समुद्राला असा वास असता तर मासे जगले असते का? मालक हे गाडीसाठी टांगतो असं वाटलं तुम्हाला?”

खरं तर तसंच वाटलं होतं. मालक म्हणजे कालपरवा मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेला पोरगा. मास्तरांच्या तोंडावर काही बोलायची त्याची टाप नव्हती, म्हणून बिचारा पुठ्ठे बदलत बसला होता.

“दोघींनी मास्तर बदलून मागितला. आज मालकानं मलाही विचारलं, ताई तुम्हाला बदलून देऊ का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, तसंही उद्यापासून मास्तरांना काउंटरवर बसवायचं चाललंय. पावत्या फाडायला.”

मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती.

काउंटर! पंख्याखालची खुर्ची, पावतीपुस्तक, आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं. गेल्या तीन महिन्यांत मास्तरांच्या आयुष्यातून बरंच काही गेलं होतं. उरली होती ती ही डावीकडची सीट. तीही गेली तर माणसाने सकाळी उठायचं कशासाठी?

“काय होतंय नेमकं?” सिस्टरनी आवाज खाली आणला. “चक्कर येते? पडायची भीती वाटते?”

“छे हो. भीती कसली?” मास्तर बाहेर बघत राहिले. “इच्छाच होत नाही. रोज टॉवेल खांद्यावर टाकतो. म्हणतो, आधी चहा घेऊ. मग पेपर. मग जरा टेकतो. तेवढ्यात निघायची वेळ होते आणि टॉवेल पुन्हा दोरीवर. कोरडाच.”

“वहिनी गेल्यापासून?”

मास्तरांनी मान हलवली. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलात का, गोळी घेतलीत का, झोप लागते का, सगळं विचारायची. पण आंघोळ केलीत का, हे बापाला कोण विचारणार? आणि कोणी विचारत नाही म्हटल्यावर दिवस एकावर एक साचत जातात.

“मला चढावर काय सांगता तुम्ही?” सिस्टर म्हणाल्या. “सगळा चढ बघू नका. आधी फक्त क्लच. मग गिअर. मग पुढचं पुढे. तसंच करा. आंघोळ करायची असं म्हणूच नका. फक्त नळ सोडायचा.”

आपलंच औषध आपल्याला मिळतंय म्हटल्यावर मास्तर जरा खूष झाले. शेवटी शिकवण कोणाची होती!

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. गिझर लावला, टॉवेल घेतला, बाथरूमचा दिवा लावला. इथवर सगळं झकास. मग नळ सोडला. पाणी पडायला लागलं, पुढे कढत झालं, आरसा धुरकट झाला आणि मास्तर टॉवेल छातीशी धरून दारातच उभे राहिले. सगळी टाकी रिकामी होईपर्यंत उभे राहिले. क्लच दाबला होता, गिअर पडला होता, पण गाडी जागची हलत नव्हती. त्यांनी नळ बंद केला. उभ्या जन्मात त्यांनी एकाही विद्यार्थ्याला ‘तुमच्याच्याने होणार नाही’ असं म्हटलं नव्हतं. तसं म्हणावं असा पहिला विद्यार्थी आता त्या धुरकट आरशात दिसत होता.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला.

“झाली?”

“नाही.”

“कुठे अडलं?”

“मधे खुर्ची आहे.”

“कसली खुर्ची?”

मग मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या बायकोचे सांधे आखडले होते. उभं राहणं संपल्याला नऊ वर्षं झाली होती. आंघोळीसाठी त्यांनी एक खुर्ची आणली होती, पांढऱ्या प्लास्टिकची, बसायच्या जागी भोकं असलेली, चारही पायांना रबरी बूच. रोज सकाळी ते तिला उचलून त्या खुर्चीवर बसवत आणि लांब नळीच्या शॉवरने आंघोळ घालत. खुर्ची अजून तिथेच होती, शॉवरखाली. त्यांनी ती हलवली नव्हती.

“मग सरकवा ना बाजूला,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी बाथरूमचा दिवा बंद केला.

“बरं, ऐका,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या वॉर्डातली एक बाई उद्या घरी जातेय. मांडीचं हाड मोडलंय. नवरा बेकरीत कामाला आहे. दोन दिवस माझं डोकं खातोय, सिस्टर, घरी गेल्यावर हिला आंघोळ कशी घालू? तुमची खुर्ची द्याल त्याला?”

“नाही,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

सांगून टाकलं ते बरं झालं, असं त्यांना झोपेपर्यंत वाटत होतं. सकाळी जाग आली तेव्हा मात्र डोक्यात तो बेकरीवाला होता. ना ओळख, ना पाळख, पण हटता हटेना. तो बायकोला समोरून उचलेल, म्हणजे दोघंही पडतील. आधी डोक्यावर पाणी ओतेल, म्हणजे ती गुदमरेल. साबण लावून झाल्यावर टॉवेल शोधायला बाहेर पळेल. अरे, पण कोणी शिकवलंय का त्याला? लायसन नसलेला माणूस थेट हमरस्त्यावर गाडी घेऊन निघालाय असं मास्तरांना वाटायला लागलं, आणि हे त्यांना कधीच बघवत नसे.

त्यांनी फोन लावला. “सिस्टर, खुर्ची देतो. पण त्या माणसाला माझ्यापुढे उभा करायचा. शिकवल्याशिवाय देणार नाही.”

“गुड मॉर्निंग, मास्तर,” पलीकडून आवाज आला. “अकराला या.”

द्यायची तर खुर्ची स्वच्छ करून द्यायला हवी होती. तीन महिन्यांची धूळ आणि भोकांच्या कडेने सुकलेला साबण, असं सामान दुसऱ्याच्या घरी पाठवणाऱ्यांतले मास्तर नव्हते. त्यांनी गिझर लावला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, ब्रश घेतला, शॉवर हातात घेतला आणि पाणी तापेपर्यंत गार पाण्यानेच कामाला लागले. एका भोकात लांबसा पांढरा केस अडकला होता. तो त्यांनी चिमटीत धरून सोडवला, कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून खिशात ठेवला. पाठ घासली, हात घासले, खुर्ची उलटी करून पाय घासले. नळीचं तोंड मधेच सटकलं आणि शर्ट, बनियन, पँट सगळं निथळायला लागलं. मास्तरांनी सवयीने शर्ट काढला, पिळून खुंटीला अडकवला आणि साबणाला हात घातला.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. नऊ वर्षांत त्यांनी आंघोळ करायचं कधी ठरवलंच नव्हतं! तिला आंघोळ घालता घालता ते भिजत. तिला पुसून, कपडे घालून, खिडकीशी बसवून परत येत आणि भिजलोच आहोत तर म्हणून चार तांबे अंगावर घेत. तिच्या आंघोळीचं शेपूट म्हणजे त्यांची आंघोळ. आता तीच नव्हती तर शेपूट कुठून येणार? आणि ते खुळ्यासारखे स्वतःला आळशी म्हणत बसले होते. मास्तर मोठ्याने हसले, आणि हसता हसताच त्यांना रडूही आलं. बाथरूममध्ये ते कोणाला कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी आवरलं नाही.

राहिली होती ती रबरी बुचांची तपासणी. वजन टाकल्याशिवाय ते कळणार नव्हतं. मास्तरांनी उरलेले कपडे काढले, साबणाने बुळबुळीत झालेल्या चपला दारापाशी भिरकावल्या आणि खुर्चीवर बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. बुचं पक्की होती. त्यांनी शॉवर हातात घेतला, नेहमीप्रमाणे तोंड जमिनीकडे धरलं आणि गरम पाण्याचा नळ सोडला. नळीतलं गार पाणी आधी जमिनीवर जाऊ द्यायचं, हाताला ऊन लागलं की मगच अंगावर घ्यायचं, ही त्यांची जुनी शिस्त. तिच्या अंगावर गार पाण्याचा थेंब पडू दिला नाही, हे ते अभिमानाने सांगत असत.

बर्फासारखा ओघळ फरशीवरून आला आणि त्यांच्या अनवाणी पायांखालून गेला. मास्तरांनी झटकन पाय वर घेतले.

पाणी जायची जाळी खुर्चीच्या मागे होती. जमिनीवर सोडलेलं सगळं गार पाणी बसलेल्या माणसाच्या पायांवरूनच जाणार होतं, उन्हाळा असो की हिवाळा. मास्तर स्वतः रबरी चपला घालून उभे राहत, त्यांना ते कुठून कळणार? तीही रोज असेच पाय वर घ्यायची. घेववतील तेवढे. आणि ते रोज खणखणीत आवाजात म्हणायचे, “पाय खाली ठेव, घसरशील.” ती ठेवायची.

“अगं, बोलायचं नाही का?” मास्तर म्हणाले.

पाणी ऊन झालं होतं. त्यांनी ते आधी पावलांवर घेतलं, बराच वेळ. मग गुडघ्यांवर, मग पाठीवर, सगळ्यात शेवटी डोक्यावर. साबण दोनदा लावला. मानेमागे घासलं, कानांमागे घासलं, टाचा दगडाने घासल्या. पुसून बाहेर आले तेव्हा टॉवेल जड झाला होता.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालकाने काउंटरवर नवीन पावतीपुस्तक काढून ठेवलं होतं आणि कसं सांगावं या विचाराने त्याचा चेहरा उतरला होता. मास्तर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. अगदी जवळ.

“चावी,” ते म्हणाले.

मालकाने श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग खिळ्यावरची चावी काढून मुकाट्याने त्यांच्या हातात दिली.

“आणि तो समुद्र काढून टाक. डोकं दुखतं.”

“काढतो, मास्तर.”

अकराला मास्तर खुर्ची उचलून वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात उभे होते. सिस्टरनी बेकरीवाल्याला आणून समोर उभं केलं, मास्तरांकडे एकदा नीट पाहिलं आणि “चला, माझी कामं पडलीत” म्हणून निघून गेल्या. माणूस थोराड होता, मनगटावर भट्टीचे चट्टे होते, आणि परीक्षेला आल्यासारखा हात बांधून उभा होता.

“मी हिला धरतो म्हणजे कुठे धरू?” त्याने सुरुवात केली.

“सगळं सांगतो. आधी तुम्ही बसा.”

“मी? आंघोळ तर तिला...”

“बसा. बूट काढा. मोजेपण.”

बेकरीवाला अवघडून बसला. येणारे-जाणारे बघत होते. मास्तर व्हरांड्याच्या नळावरून मगभर गार पाणी घेऊन आले आणि त्याच्या पायांजवळ फरशीवर हळूच ओतलं. त्याने दचकून दोन्ही पाय उचलले.

“लागलं?”

“गार आहे हो!”

“तुमच्या घरी पाणी कुठून जातं ते बघा आणि ते पायांवरून जाणार नाही अशी खुर्ची ठेवा. गार पाणी बादलीत सोडा, जमिनीवर नाही.” मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. “आणि त्यांनी पाय वर घेतले तर ओरडायचं नाही.”

“नाही ओरडणार. काही झालं तर सांगेलच की ती.”

“सांगणार नाहीत,” मास्तर म्हणाले. “तुम्ही पायांकडे बघायचं.”