न नोंदलेले पाणी

पाक उकळणाऱ्या तिसऱ्या पॅनने पाच टन जादा वाफ कुठे घालवली, याचे उत्तर साखर कारखान्याच्या मॅनेजरला शनिवारपर्यंत हवे होते. खरे तर उत्तर त्याच्यापाशी तयारच होते; त्याखाली फक्त केमिस्टची सही हवी होती.

"सरळ आहे, मॅडम. एका घाण्यात पाकातून सोळा टन पाणी उडतं. त्याला वाफ लागावी फार तर अठरा टन. हा पॅन खातो तेवीस. म्हणजे पॅन म्हातारा झालाय आणि पॅनमनही. पॅन भंगारात, पॅनमन पोत्यांच्या गोदामात. करा सही."

पॅन चालवणारा हा पॅनमन केमिस्टचा सख्खा मामा होता.

"मोजल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

"मामासाठी मोजणार?"

"मोजमापाला मामा नसतो, साहेब."

पॅन म्हणजे दोन मजले उंच असे पोलादी भांडे. आतली हवा ओढून घेतलेली, त्यामुळे पाक न करपता मंद आचेवर उकळे आणि त्यात साखरेचे दाणे वाढत. त्याच्या पोटातल्या नळ्यांतून वाफ फिरे, आपली सारी ऊब पाकाला देऊन टाके आणि खालच्या पाइपातून पाणी होऊन गळे. गळणारे हे पाणी मोजले की वर किती उकळले, याचा अंदाज बांधता येतो. तिने पाइपाखाली दोनशे लिटरचे पिंप लावले आणि दर पावतासाने, ते किती सेकंदांत भरते, हे घड्याळ धरून लिहू लागली.

पहिल्यांदा नव्वद सेकंद. मग एकशे दहा, एकशे चाळीस, एकशे नव्वद. पाक दाटत होता, भांड्यात वर चढत होता, आणि आपले पाणी अधिकाधिक नाखुशीने सोडत होता, जसे एखादे माणूस वय वाढेल तसे कमी बोलत जाते. त्या लांबत जाणाऱ्या सेकंदांत तिला एक सच्चेपणा जाणवत होता. आणि दोन तास उलटल्यावर पिंप एकाएकी एकशे पाच सेकंदांतच भरले.

दाट पाक असा अचानक वाचाळ होत नाही. ती जिना चढून वर धावली. काचेच्या झरोक्यापाशी मामा पाठमोरा उभा होता. त्याचा हात पाण्याच्या छोट्या कॉकवर होता.

"मामा, पाणी घालतोयस?"

"खाली जा. पिंप सांडेल."

"सांडू दे. किती घातलंस?"

त्याने उत्तराऐवजी काचेच्या तुकड्यावर घेतलेला नमुना उजेडात धरला. टपोऱ्या दाण्यांच्या मधे मधे बारीक धुरळा पसरला होता. "बघ. खोटे दाणे. हे विरघळवले नाहीत तर साखर गाळायच्या जाळीत अडकून सगळा घाणा वाया जाईल. म्हणून पाणी. मग तेच पाणी पुन्हा उडवायचं."

हरवलेले पाच टन तिच्यासमोर होते. आत येऊन, उकळून निघून गेलेले, कुठेही न नोंदलेले.

"वहीत का नाही लिहीत?"

"माझ्या उस्तादांनी शिकवलं, पाणी लागलं तर घालावं, पण लिहू नये. पॅनमनने पाणी लिहिलं म्हणजे दाणा ओळखणारा डोळा गेल्याची कबुली दिली."

"तुझा डोळा गेलाय?"

"माझा?" तो उसळला. "मॅनेजरचा हुकूम आहे, वाफेचा कॉक सताड उघडा ठेवा. पाणी इतकं झपाट्यानं उडतं की जुन्या दाण्यांना साखर गिळायला उसंत नाही. मग नवी पिलावळ निघते. डोळा काय करणार, कपाळ!"

"मग सांग की त्याला."

"आणि पाण्याचंही सांगू? एकतीस वर्षं झाकलेलं? त्यापेक्षा पोती मोजेन."

"मोज. तुझी शान राहील. उद्याचा पॅनमनही इथंच पाठमोरा उभा राहून पाणी घालेल, आणि त्यालाही म्हातारा ठरवतील. छान आहे तुझी शान, मामा."

त्याने हात पुसून वही ओढली आणि दगडावर कोरल्यासारखे लिहिले: पाणी, अंदाजे पाच टन. खाली सही. पुढचा घाणा भरताना त्याने वाफेचा कॉक अर्ध्यावर आवळला.

"आता मोज."

या वेळी पिंप दोन मिनिटांच्या आत एकदाही भरले नाही. सेकंद संथपणे वाढत गेले. मधे कुठे झटका नाही. झरोका शेवटपर्यंत स्वच्छ होता, पाण्याच्या कॉकला कोणी हात लावला नाही. घाणा नेहमीपेक्षा वीस मिनिटे आधी तयार झाला. वाफ लागली अठरा टनांहून थोडी कमी.

"कॉक कोणी आवळला?" मॅनेजर जिन्यावरूनच ओरडला.

"मी," मामा म्हणाला.

"हुकूम माहीत नव्हता?"

"होता. मोडला."

मॅनेजरने वही पाहिली आणि हसला. "पाच टन पाणी! ही तर कबुलीच झाली."

"लपवलं, ही माझी चूक. ती लिहिली. धुरळा तुमच्या हुकुमाचा, तो तुम्ही लिहा."

"मॅडम, तुमचा आकडा सांगा. तासाला किती टन? एकच आकडा."

"एक आकडा नाही मिळणार." तिने सेकंदांचे दोन रकाने त्याच्यापुढे धरले. "पॅन सुरुवातीला जेवढं उडवतो, त्याच्या निम्मंही शेवटाला उडवत नाही. तुम्ही पहिला पावतास पाहून साऱ्या घाण्याचा हुकूम काढलात. सही हवी असेल तर या कागदावर करते. तुमच्या कागदावर नाही."

"उद्यापासून कॉक पूर्ण उघडा राहील," तो मामाकडे वळून म्हणाला.

"राहील की." मामाने पेन पुढे केले. "वहीत लिहा. हुकूम, वेळ, सही. त्याखाली मी रोज पाणी लिहीत जाईन, टनात."

मॅनेजरचे हात पाठीमागेच राहिले. "गोदामाचं विसरू नका," एवढे बोलून तो जिना उतरू लागला.

"न्यायचं तर लेखी घेऊन या, साहेब!" मामा कठड्यावरून वाकून म्हणाला. "तोवर मी इथंच आहे."