बोटभर अलीकडून

"चेहरा, मावशी, चेहरा! नुसते हात दिसले तर लोकांना कसं कळणार कोण बाई आहे ते?"

ड्रायक्लीनरची सून मोबाइल दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी उकिडवी बसली होती. समोर स्टुलावर रफूवाली. तिच्या मांडीवर कुणाचीतरी राखाडी लोकरी पँट होती आणि पँटच्या गुडघ्याला कसरीनं वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं.

"माझ्या चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय? भोक पँटला पडलंय, मला नाही."

"बघा, हे आत्ता बोललात ना, हेच बोला. फक्त कॅमेऱ्याकडे बघून. लोकांना असलं फार आवडतं."

रफूवालीनं कॅमेऱ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, डॉक्टरनं जीभ दाखवा म्हटल्यावर माणसं जशी दाखवतात, तसा तिनं चेहरा दाखवला. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला आणि तरीही व्हिडिओ चढवला. संध्याकाळपर्यंत तो सात हजार लोकांनी पाहिला. लोकांना कशाचं काय आवडेल, सांगता येत नाही.

हे आठ महिने चाललं होतं. सून लग्नाआधी एका साबणाच्या कंपनीसाठी असलीच कामं करायची. सासरी आल्यावर तिच्या वाट्याला काउंटर आणि हँगर आले, तेव्हा तिचे हात शिवशिवत होतेच. दुकानाच्या मागच्या खिडकीत एकोणचाळीस वर्षं खाली मान घालून बसलेली ही बाई तिला सापडली, आणि तिनं मनावरच घेतलं. 'रफूमावशी' नावाचं पान उघडलं. तिला तीन समूहांत घातलं. एक शिवणकाम करणाऱ्यांचा, एक जुने कपडे टाकून न देणाऱ्यांचा, आणि एक कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, पण माणसं सगळ्यात जास्त त्यातच होती. मग नियम घालून दिले. रोज एक पोस्ट. कुणी काही लिहिलं तर त्याला उत्तर द्यायचंच. आणि कापडाचा 'आधी' आणि 'नंतर' असा फोटो.

पंचाईत झाली ती या 'नंतर'ची. चांगल्या रफूचा फोटो म्हणजे नुसता कापडाचा फोटो. लोक म्हणायला लागले, बाई लबाड आहे, दुसऱ्याच पँटचा फोटो टाकते. एका गृहस्थानं लिहिलं, 'माझ्याकडेही भोक नसलेल्या चार पँटी आहेत, टाकू का?' रफूवाली त्यावर इतकी हसली की तिला सुई बाजूला ठेवावी लागली. त्यानंतर व्हिडिओ आले, आणि व्हिडिओंपाठोपाठ माणसं. आता चाळीस हजार जण तिला मावशी म्हणत होते.

सुनेला वाटे, मावशींना नाद लागला. तसं वाटण्यासारखंच होतं. सकाळी दुकान उघडलं की रफूवाली आधी मोबाइल घेऊन बसे. नव्यानं आलेल्या माणसांची नावं एकेक करून वाची. सगळी. दीडशे असोत नाहीतर दोनशे. मग प्रत्येकाच्या प्रश्नाला एका बोटानं अक्षरं शोधत उत्तर देई.

खरी गोष्ट अशी होती की या चाळीस हजारांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती एका माणसाची वाट बघत होती. ताईची.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघी बापाच्या हाताखाली शिकल्या, आणि बाप गेल्यावर याच खिडकीत समोरासमोर बसू लागल्या. धाकटीचा हात चांगला होता. ताईचा हात म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. सगळे रफूवाले भोकाच्या कडेपासून सुरुवात करतात. ताई बोटभर अलीकडून करायची, धडधाकट कापडातून. एक धागा जरा लांबून, पुढचा जरा जवळून, म्हणजे कुठेच रेघ धरत नसे. वेळ दुप्पट लागायचा. बाप म्हणायचा, "गिऱ्हाईक थांबणार आहे का तुझ्यासाठी?" गिऱ्हाईक थांबायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मोठ्या गवयाचा कोट आला. ऐन छातीवर सिगारेटनं जळलेला. चार दिवसांवर कार्यक्रम. ताईनं दोन दिवस मान वर केली नाही. गवई कोट न्यायला आला त्या दिवशी ताई डॉक्टरकडे गेली होती, तिला तिसरा महिना होता. गवयानं कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाला, "हे हात कुणाचे?"

धाकटी म्हणाली, "माझे."

का म्हणाली, ते तिला आजही सांगता आलं नसतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातांबद्दल विचारत होतं, एवढंच. गवयाबरोबर वर्तमानपत्राचा माणूस होता. त्यानं तिचा फोटो काढला, हातात कोट घेऊन.

छापून आलं त्या दिवशी ताईनं पेपर शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "फोटो चांगला आलाय." बस. भांडली नाही, रडली नाही. महिन्याभरात नवऱ्याची बदली झाली, ताई गेली. पत्ता म्हणून जो देऊन गेली, तिथून तीन पत्रं परत आली. मुलगा झाला की मुलगी, हेही धाकटीला कळलं नाही. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. ताई गेल्यावर तिला आपलं म्हणावं असं कुणीच उरलं नाही. ताईची बोटभर अलीकडून भरायची रीत तेवढी तिनं उचलली.

तेव्हा सून जेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "मावशी, तुम्हाला जगात कुणीही शोधू शकेल," तेव्हा रफूवालीनं सुई खाली ठेवून विचारलं होतं, "कुणीही?"

पाच महिने झाले तरी ताईचा पत्ता नव्हता. मग एक दिवस सून नवी कल्पना घेऊन आली.

"तुमची ती लांबून सुरुवात करायची पद्धत आहे ना, तिला नाव देऊ या. 'रफूमावशींची बोटभर पद्धत'. आपली ओळख होईल ती. बाकीचे रफूवाले आहेत ना समूहात, त्यांच्यापेक्षा आपलं वेगळं काय, ते दिसायला हवं."

रफूवाली मान खाली घालून सुईत धागा ओवू लागली. सुनेला वाटलं, लाजली.

"माझी नाही ती," असं ओठांवर आलेलं तिनं गिळलं. तिच्या डोक्यात वेगळंच आलं होतं. ताईनं एकदा सोसलं. दुसऱ्यांदा सोसेल? हजारो लोकांसमोर धाकटी बहीण आपली पद्धत स्वतःच्या नावानं मिरवतेय म्हटल्यावर तरी तिचा संताप होईल. चार शब्द लिहील. निदान दोन. 'चोरटी कुठली' एवढं लिहिलं तरी चालेल. शिवी आली तरी ती ताईकडून आलेली असेल.

"दे नाव," ती म्हणाली.

पद्धत गाजली. लांबलांबच्या बायका बोटभर अलीकडून सुरुवात करून फोटो पाठवू लागल्या. एका संस्थेनं शिकवायला बोलावलं. रफूवाली रोज सकाळी नावं वाचत होती आणि शिवीची वाट बघत होती. सगळे तिचं कौतुक करत होते. इतकं कौतुक तिला कधी नकोसं झालं नव्हतं.

आठव्या महिन्यात एका मंगळवारी एका मुलीचा निरोप आला. चाळीस हजारांत हीच एक तिला मॅडम म्हणत होती.

'मॅडम, मी कॉलेजमध्ये आहे. माझ्या कोटाच्या कोपराला भोक आहे. माझी आई रफू करायची, घरातल्या घरात, कुणाला सांगायची नाही. हा कोट तिनं अर्धा करून ठेवला होता. ती दीड वर्षापूर्वी गेली. मी दोन रफूवाल्यांना दाखवला, ते म्हणाले, आधीचं काम उसवावं लागेल, असं कुणी करत नाही. मग तुमचा व्हिडिओ पाहिला. आई अगदी तसंच करायची, बोटभर अलीकडून. तुम्ही हे कुठे शिकलात?'

रफूवालीनं निरोप एकदा वाचला. मग मोबाइल पालथा ठेवला आणि हातातल्या पँटचे राहिलेले चार धागे भरून पूर्ण केले. गिऱ्हाईक बारा वाजता येणार होतं.

दीड वर्ष. पान उघडून आठ महिने झाले होते. म्हणजे पहिल्या दिवशी सून "चेहरा दाखवा" म्हणाली, तेव्हाच बघणारं कुणी उरलं नव्हतं. ती इतके महिने जिला चिडवत होती, ती चिडण्याच्या पलीकडे गेली होती. पँट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावर ती हँगरांच्या मागे गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सुनेनं वाफेची इस्त्री चालू ठेवली, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. पोरगी शहाणी होती.

उत्तर लिहायला तिला तासभर लागला. 'तुझ्या आईकडे शिकले. मी तिची धाकटी बहीण. कोट पाठव. उसवणार नाही.'

मग एकच ओळ आली. 'आईला बहीण होती?'

दुसऱ्या दिवशी रफूवालीनं सुनेला व्हिडिओ काढायला सांगितलं. कॅमेऱ्याकडे सरळ बघून ती म्हणाली, "बोटभर पद्धत माझी नाही. माझ्या ताईची आहे. मागे एकदा तिचं काम मी माझं म्हणून सांगितलं होतं, आणि आता तुम्हालाही तेच सांगितलं. ती आता नाही. तिचं ऐकून घ्यायला मी इथे आले होते."

"मावशी, हे नका ना टाकू," सून रडकुंडीला आली. "आठ महिने आपण हे नाव उभं केलं. लोक सोडून जातील."

"जाऊ देत."

लोक कसले जातात! तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला. दोन दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिला. मावशी किती प्रामाणिक, मावशी किती थोर, रडवलंत मावशी. चोरी केली तेव्हाही कौतुक, कबुली दिली तेव्हाही कौतुक. रफूवालीनं चार-पाच अभिप्राय वाचले आणि मोबाइल सुनेकडे देऊन टाकला. "तूच दे उत्तरं," म्हणाली.

शनिवारी कोट आला. गडद निळा, जाड लोकरीचा. डाव्या बाहीच्या कोपराला रुपयाएवढं भोक असावं, त्यातलं अर्ध्याहून जास्त ताईनं भरलेलं. सुई तशीच कापडात टोचलेली, धाग्यासकट. धागा कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढलेला होता. बापानं शिकवलं होतं तसा.

सून सवयीनं मोबाइल घेऊन पुढे झाली. "आधीचा एक फोटो..."

"याचा फोटो काढायचा नाही," रफूवाली म्हणाली. इतक्या कडक आवाजात ती सुनेशी कधीच बोलली नव्हती. सून मागे सरली.

मग ती खिडकीत बसली. ताई भरता भरता जिथे थांबली होती, तिथे तिनं बोट ठेवलं. शेवटचा धागा थोडा सैल होता. ताईचा धागा कधी सैल नसायचा. शेवटी हात दुखत असतील, नाहीतर डोळे गेले असतील. कुणी सांगायला नव्हतं, पण त्या एका धाग्यावरून धाकटीला बरंच काही कळलं. एकोणीस वर्षांनी ती ताईच्या समोर बसली होती. तिला घाई करायची नव्हती. तिनं तीच सुई उचलली.

पहिले दहा धागे तिनं फार जपून घातले. मग हात चालू लागला. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या माणसाला चालताना पाऊल कुठे टाकू असं विचारावं लागत नाही, तसा. डोळे कापडात, मन भलतीकडे. मन लहानपणी होतं. दोघी एका कंदिलाच्या उजेडात एका फडक्यावर सराव करायच्या, ताई एका कडेनं, ही दुसऱ्या कडेनं, आणि मधोमध कुणाची सुई आधी पोचते याची पैज. कधी ताईचा धागा हिच्या धाग्याखालून गेला, कधी हिचा वरून. जाता जाता तो सैल धागाही तिच्या हातानं आपसूक ओढून सारखा केला. रफूवाल्याच्या हाताला सैल धागा दिसला की तो थांबत नाही.

चार वाजता तिनं गाठ न मारता टोक आत दाबलं, कापड बोटांनी दोनदा चोळलं, वाफ दिली आणि उजेडात धरलं.

आणि मग तिला ताई सापडेना.

तिनं कोपर वाकडा करून पाहिला, तिरक्या उजेडात पाहिला. बाही उलटी केली. इथवर ताईचं, इथून आपलं, अशी जागा असायला हवी होती. सकाळी तर होती. तिनं नखानं चाचपलं, गालाला लावून पाहिलं. नव्हतं काही. दिवसभर ती ताईच्या शेजारी बसली होती, आणि काम चोख करायच्या सवयीनं तिनंच ताईचा हात आपल्या हातात मिसळून टाकला होता. फोटोही नव्हता.

"झाला?" सून काउंटरवरून आली. तिनं कोट घेतला, दोन्ही बाह्या उलटसुलट केल्या आणि तिचा आ वासला. "बाई गं! भोक होतं तरी कुठे, मावशी?"

"इथेच होतं," रफूवाली म्हणाली. तिनं कोट परत मांडीवर घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत हळूहळू हात फिरवत राहिली. "इथेच कुठेतरी."