शेवाळाचं सूप

मी पोटापाण्यासाठी दिवसभर शिव्या वाचते. पांग्योतल्या एका गेम कंपनीत मी तक्रार विभागात बसते. खेळाडू एकमेकांना काय बोलले ते वाचायचं आणि कुणाला आठवडाभर, कुणाला कायमचं बाहेर काढायचं. निम्म्या तक्रारी 'ह्याने मला अरे-तुरे केलं, वय विचारा ह्याचं' अशा असतात. त्या मी सरळ केराच्या टोपलीत टाकते.

मार्चमध्ये माझा एक घोटाळा झाला. पाच टारगटांनी मिळून एका गरीब माणसावर खोट्या तक्रारी केल्या आणि मी त्याला उडवलं. आमचे प्यो साहेब भडकले. हाताने माफीपत्र लिहायला लावलं. दोनदा परत आलं, "मनापासून वाटत नाही, मेंग. पुन्हा लिही." साहेब आडनावानेच हाक मारतात. तिसऱ्यांदा घेतलं, तेही नाक मुरडून. माझं कंत्राट शुक्रवारी संपत होतं आणि ते वाढवायची सही ह्याच माणसाची.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला 'लोखंडी मुळा' नावाच्या खेळाडूवर अडतीस तक्रारी आल्या. मी त्याचं बोलणं उघडलं. 'तुला जन्म देऊन तुझी आई शेवाळाचं सूप प्यायली ना? वाया गेलं ते सूप.'

माझा हात थांबला. आमच्याकडे बाळंतिणीला शेवाळाचं सूप पाजतात, त्यावरून हा टोमणा तसा कुणीही मारतो. पण पुढे होतं, 'त्यापेक्षा भांडी विसळलेलं पाणी प्यायली असती.' हे शेपूट दर सोमवारी मीटिंगमध्ये एकच माणूस लावतो. मुळ्याच्या खेळायच्या वेळा पाहिल्या. रोज दुपारी दोन ते साडेतीन. त्या वेळात प्यो साहेब कोपऱ्यातली खोली आतून लावून 'मुख्य कचेरीशी बोलत' असतात. बोलत होते म्हणे!

शेजारच्या जुहीला दाखवलं. तिने खुर्ची जवळ ओढली.

"सोरान ताई, शुक्रवारपर्यंत डोळे मीट. तुला काय पडलंय?"

"आणि तो कागद?"

भिंतीवर साहेबांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'आईबापावर गेला की कायमचा बाद. माझा सख्खा भाऊ असला तरी.'

"भाऊ लिहिलंय," जुही म्हणाली. "स्वतःचं नाही लिहिलेलं."

खरं सांगते, मी घाबरले होते. नोकरी गेली तर पुन्हा तोंगयंगला आईकडे जाऊन कालवं फोडायची. मी फाईल बंद करणार होते, तेवढ्यात अडतिसावी तक्रार वाचली. एका मुलीची होती. 'माझी आई गेल्या महिन्यात वारली. हा म्हणतो सूप वाया गेलं.' एवढंच.

मी कायमच्या बंदीचं बटण दाबलं. कोपऱ्यातल्या खोलीत काहीतरी धाडकन आपटलं. दोन मिनिटांनी साहेब बाहेर आले, कान लालबुंद, आणि उभ्या उभ्या दोन पेले बार्लीचा चहा प्यायले. बंदी त्यांना उठवता आली असती, पण कुणी उठवली ते वरच्यांना दिसतं. मग राहिला एकच रस्ता, इतर खेळाडूंसारखं हाताने माफीपत्र लिहून बंदी उठवायची विनंती करायची. हा नियमही त्यांचाच.

गुरुवारी सकाळी पत्राचा फोटो आला. अक्षर भिंतीवरचंच. 'आमच्या घरी असं प्रेमाने बोलतात.' मी उत्तर लिहिलं, 'मनापासून वाटत नाही. पुन्हा लिहा.' खाली आमचं नाव जात नाही, नुसता नंबर जातो. माझा सात. संध्याकाळी दुसरं आलं, दोन पानी. तेही परत पाठवलं. हो, मजा आली मला, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी तिसरं आलं. दोनच ओळी. 'त्या मुलीची माफी मागतो. तिच्या आईचं सूप वाया गेलेलं नाही.'

चार वाजता साहेबांनी मला बोलावलं. समोर माझं कंत्राट होतं.

"सात नंबर कोणाचा, मेंग?"

"माझा, साहेब."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. "तिसरं पत्र कसं होतं?"

"मनापासून होतं," मी म्हटलं. "पण कायमचं म्हणजे कायमचं, साहेब."

त्यांनी सही केली, पेन इतकं दाबून की खालच्या कागदावरही उमटली. मग हातानेच 'जा' म्हणाले.

सोमवारी मीटिंगमध्ये जुहीने आकडे चुकवले. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तुझ्या आईने तुला जन्म देऊन..." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मी वहीत काहीतरी लिहीत होते.

"...कशी आहे आई?" साहेबांनी विचारलं.

"बरी आहे, साहेब," जुही म्हणाली.