पाठ फिरवण्याची शिकवणी

गोल्फ हाताने खेळतात असं समजणाऱ्यांवर माझं पोट चालतं. येतात, काठी आवळून धरतात, अंग खांबासारखं रोवतात आणि नुसते हात हाणतात. बॉल भलतीकडेच पळतो. मग हातमोज्याला दोष, काठीला दोष, वाऱ्याला दोष. अरे, अंग फिरव ना! जिथे मारायचंय तिकडे आधी पूर्ण पाठ फिरली पाहिजे. मग कंबर उलगडते, मागोमाग खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी, ओढले गेल्यासारखे येतात. दिवसभर हेच ओरडतो. संध्याकाळी सरावाच्या मैदानातले बॉल गोळा करतो, वरच्या खोलीत जातो. तिथे ओरडायलाही कुणी नसतं.

परवा दुपारी मैदान ओस होतं. कडेच्या मॅटवर एक म्हातारा पाठमोरा उभा होता. तरी ओळखला. दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सोडून मी या खेळात शिरलो, तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं होतं.

"शिकवतोस ना अजून?" तो म्हणाला. पूर्वी मला 'छोट्या' म्हणायचा. आता नुसतंच.

"शिकवतो. पण तुला कशाला? रिकामटेकड्यांचे धंदे ना हे?"

"आमचे व्याही खेळतात. रविवारी बोलावलंय. चारचौघांत शोभा नको."

व्याही.

काठी पुसता पुसता माझा हात थांबला. व्याही काही दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी पोरीचं लग्न लागावं लागतं. जी पोर माझ्या खांद्यावर बसून माझे केस ओढायची, तिचं लग्न होऊन गेलं होतं. आणि हा गृहस्थ ते मला असं सांगत होता, जणू मी जेवायलाच बसलो होतो त्या पंगतीत.

"कधी झालं?"

"काय?"

"लग्न."

तो मॅटकडे बघत राहिला. "घाईत उरकलं. मोजकीच माणसं होती."

"बरोबर. मोजक्यांत मी कुठला!"

"उकरत बसू नकोस. शिकवतोस की जाऊ?"

जा, हा शब्द दातांपर्यंत आला होता. पण मग तो खरंच गेला असता. मी म्हटलं, "मार."

त्याने मारलं. धड समोर, पाय रोवलेले, नुसता हात बाजूला गेला आणि खाली आला. हा हात मी ओळखत होतो. जन्मभर काउंटरमागे उभा राहून मागच्या फळीवरचा खिळ्यांचा डबा काढणारा हात. गिऱ्हाइकाला पाठ दाखवायची नाही, हा वडिलांचा दंडक. मला तो कधी जमला नाही, दादाच्या हाडांत मुरला होता.

काठी त्याच्या छातीशी आडवी धरायला लावली. "आता खांदे फिरव."

"फिरवतोय की."

"मान फिरवतोयस. खांदे तिथेच आहेत."

"कंबर धरते रे."

"कंबर नाही, दुकान धरतंय."

तो फस्सकन हसला. अगदी पूर्वीसारखा. आणि माझ्यातल्या गाढवाला लगेच आशा लागली. विचारलं, "व्याह्यांनी विचारलं, कुणी शिकवलं, तर काय सांगशील?" मला दोनच शब्द हवे होते. माझ्या भावाने. बाकी सगळं मी गिळलं असतं. लग्नसुद्धा.

"सांगेन, आहेत एक मास्तर," तो म्हणाला, आणि हातमोजा घट्ट केला.

माझं डोकंच सणकलं. मी त्याच्यामागे, निशाणाच्या झेंड्याच्या बरोबर उलट बाजूला जाऊन उभा राहिलो आणि लांबवरच्या त्या झेंड्याकडे बोट दाखवलं. "दादा, तिकडे गिऱ्हाईक नाहीये. तिकडे मी उभा आहे असं समज. आता फिरव पाठ."

त्याने काठी उचलली, आणि इतका वेळ न हललेलं ते अंग लोण्यासारखं फिरलं. कंबर, खांदे, सगळं. झेंड्यापाशी उभ्या त्या खोट्या माझ्याकडे त्याची पूर्ण पाठ झाली, आणि मागे उभ्या असलेल्या खऱ्या माझ्याकडे पूर्ण छाती. क्षणभर आम्ही समोरासमोर होतो. त्याचे डोळे मात्र बॉलवर. बॉलवरून नजर हलवायची नाही, हेही मीच शिकवतो.

मग अंग उलगडलं. ठक्क. असा आवाज वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्याही नशिबी नसतो. बॉल सरळ झेंड्याकडे गेला. दादा शेवटच्या पवित्र्यात थांबला, काठी खांद्यामागे, पोट झेंड्याकडे, पाठ माझ्याकडे. जसं असायला हवं तसंच.

"जमलं!" तो झेंड्याकडे बघत म्हणाला. "असाच उभा राहू का?"

"बॉल थांबेपर्यंत हलायचं नाही."

तो उभा राहिला. मानेवरचे पांढरे केस, शर्टाची दुमडलेली कॉलर. आपल्या वडिलांची पाठ अशीच होती, हे मला सांगावंसं वाटलं. त्याच्या डोळ्यांना आता लांबचं दिसत नसावं. बॉल केव्हाच थांबला होता. मी सांगितलं नाही.