माझ्या पोटातले परके इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. खळ्याच्या कडेला विटांवर उभी आहे. माझी चाके काढून नेली आहेत आणि बॉनेट उघडले तर आत फक्त तेलाचे काळे डाग दिसतात. मला मोडले ते पावसाने किंवा वयाने नव्हे. दोन माणसांच्या वैराने मोडले, आणि त्यात तिसऱ्याचेही वैर मिसळले. ते कसे, एवढेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून सुरतेच्या गाडीने मी नंदुरबारला उतरले. तापीकाठच्या एका गावचे सुकलाल पाटील मला घ्यायला आले होते. त्या वेळी आमच्या भागात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. चार सिलिंडरचे माझे इंजिन फार धावणारे नव्हते, पण इमानी होते. मी वऱ्हाडे नेली. साप चावलेल्या एका गड्याला वेळेवर दवाखान्यात पोचवले. पाटलांची बायको गजराबाई दर पोळ्याला बैलांबरोबर मलाही ओवाळत असे. ते दिवस खरोखर सुखाचे होते.

मग एका हिवाळ्यात मी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले आणि तापीच्या रेतीत रुतले. इंजिन ओरडत राहिले, चाके जागीच फिरत राहिली. नंदुरबारचा रतिलाल शेठ, ज्याचा कापसातली सरकी काढायचा जिन, म्हणजे कारखाना, होता, तिथेच उभा होता. पाटलांचे आणि त्याचे कापसाच्या वजनावरून आधीच वाकडे होते. त्याने आपली बैलजोडी पाठवली. शिंगांना झेंडूच्या माळा, गळ्यात घुंगरू. वाजतगाजत बैलांनी मला ओढून काढले आणि घोडे बघायला आलेली सगळी यात्रा आमच्याकडे बघून हसली.

"पाटील, मोटर इकी टाका, दोन बैल ली ल्या," रतिलाल म्हणाला. "रेतीमा तेच कामना."

मोटार विकायचा तो सल्ला घेऊन परत येताना सगळ्या रस्त्यावर पाटलांनी माझा गिअर असा ओढला, की जणू मीच त्यांचा अपमान केला होता.

पुढच्या वर्षी रतिलालने नवी मोटार आणली आणि जिल्ह्यात तिच्या पुढे कोणी जाऊन दाखवावे, असे बाजारात बोलून दाखवले. पाटलांना तेवढेच हवे होते; त्यांनी शर्यत लावली. गुजरातेतल्या एका संस्थानिकाची शर्यतीची मोटार दरीत कोसळली होती. तिचा पुढचा भाग चुरा झाला होता, पण आठ सिलिंडरचे इंजिन शाबूत होते. पाटलांनी ते विकत घेतले. रेल्वेने नंदुरबारला आणि तिथून बैलगाडीने ते आमच्या खळ्यावर आले. ते माझ्या इंजिनापेक्षा जवळजवळ दीडपट लांब होते. मी त्याला पाहिले आणि मला ते पहिल्या क्षणापासून आवडले नाही.

ते बसवायला वाहरू आला. वाहरू मूळचा सातपुड्यातला. मजुरीसाठी सुरतेला गेला आणि तिथल्या कारखान्यात मोटारींचे काम शिकला. हात चांगला, जीभ तिखट. पाटील त्याला अंगणात वेगळ्या वाडग्यात चहा देत, तो न पिता वाहरू वाडगे उपडे घालून ठेवी. पाटील रागावत. त्या दोघांचे सुरुवातीपासूनच पटले नाही. तरी एक गोष्ट खरी, मित्रांनो. इंजिनावरची ताडपत्री काढल्यावर वाहरूचे डोळे ज्या तऱ्हेने चमकले, तसे मी कधीच कुणाचे पाहिले नव्हते. ते इंजिन धावताना बघण्याची भूक त्यालाही पाटलांइतकीच लागली होती.

माझे जुने इंजिन काढून बाभळीखाली टाकले. मागची बैठक, टप, मडगार्ड सगळे उतरवले. इंजिन मावावे म्हणून माझा सांगाडा कापून लांब केला, लोहाराकडून पट्ट्या ठोकून आणल्या, रेडिएटर पुढे सरकवला. पहिल्यांदा ते इंजिन सुरू झाले तेव्हा झाडावरचे कावळे उडाले आणि माझा एकेक खिळा थरथरला. अंगात दुसऱ्याचा राग भरल्यासारखे वाटले.

थांबवायला मात्र माझ्याकडे काय होते? फक्त मागच्या दोन चाकांना ब्रेक, तेही लोखंडी सळयांनी ओढले जाणारे आणि जुने. पुढच्या चाकांचे ब्रेक त्या दरीत मोडलेल्या गाडीबरोबरच गेले होते. शर्यतीच्या आठवडाभर आधी वाहरूने ते पाटलांना सांगितले. सुरतेहून सामान आणू, शर्यत पुढे ढकलू. इथवर तो नीट बोलला. पण पुढे म्हणाला, की नाहीतर मी चालवतो, मला या गाडीचा अंदाज आहे.

पाटलांचा चेहरा बदलला. "तुले चालाडानी शे, म्हनीसन ब्रेकनं नाव सांगस," ते म्हणाले.

"ह्या ब्रेक हाई इंजिनले थांबाडतीन नही."

"तू मिस्तरी शे. मिस्तरीज ऱ्हाय."

वाहरूने हातातला पाना जमिनीवर टाकला. "मराले जानं व्हई ते जा," तो म्हणाला. "मन्हं नाव लेऊ नका."

तो निघून गेला. गजराबाई खळ्याला लागूनच असलेल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याला समजावायचा प्रयत्न केला, तर पाटील तिच्यावरच ओरडले, की तूही त्या रतिलालच्या बाजूची झालीस का.

शर्यत नंदुरबारबाहेरच्या सरळ रस्त्यावर ठरली. चुन्याने रंगवलेल्या एका दगडाशी ती संपायची. त्याच्या पुढे रस्ता वळत होता आणि वळणावर मिरची वाळवायच्या पथारी होत्या. दूरवर लाल मिरची वाळत पडलेली आणि तिच्यात निवडायला बसलेल्या बाया. गर्दी सगळी चुन्याच्या दगडापाशी जमली. वाहरू एकटा वळणावर गेला. मी दगडापाशी थांबू शकणार नाही, थेट वळणापर्यंत जाणार, हे त्याला ठाऊक होते. त्याने बायांना उठायला सांगितले. त्यांनी त्याला शिव्या घातल्या, पण कुरकुरत उठल्या.

मी रतिलालच्या मोटारीला अर्ध्या वाटेतच मागे टाकले. खोटे कशाला बोलू, त्या वेगाची मलाही क्षणभर नशा चढली होती. चुन्याचा दगड मागे गेला. पाटलांनी ब्रेकवर पाय दाबला, सळई ताणली आणि तुटली. समोर दोन बाया अजून टोपल्या उचलत होत्या. पाटलांनी मला जिवाच्या आकांताने दुसरीकडे वळवले. मी मिरचीच्या ढिगात घुसले आणि उलटले.

पाटलांचा पाय माझ्या खाली सापडला. तापलेल्या इंजिनावर मिरची पडून जळू लागली आणि असा ठसका उठला, की धावत आलेली माणसे तोंड दाबून मागे पळाली. रतिलालही पळाला. वाहरूने पटका पाण्यात बुडवून तोंडाला बांधला आणि आत आला. खोकत, आंधळ्यासारखा चाचपडत त्याने मला खांद्याने रेटले आणि पाटलांना ओढून बाहेर काढले.

पाटील शुद्धीवर होते. लोक जमले, तसे त्यांनी वाहरूकडे बोट दाखवले.

"यानीच ब्रेक ढिल्ला करात," ते म्हणाले.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हा बोलले असते. वाहरू सुजून बंद झालेल्या डोळ्यांवर ओला पटका दाबून बसला होता.

चार दिवसांनी फौजदार पाटलांच्या ओसरीवर चौकशीला आला. वाहरूला बेड्या घालून आणले होते. पाटील खाटेवर, पायाला फळ्या बांधलेल्या. त्यांनी तेच पुन्हा सांगितले. तेव्हा गजराबाई, जी परक्या पुरुषासमोर कधी बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून दारात आली.

"वाहरूनी सांगेल व्हतं," ती म्हणाली. "ब्रेक थांबाडतीन नही, असं. मी आयकं."

पाटलांनी भिंतीकडे तोंड फिरवले. वाहरूच्या बेड्या निघाल्या. त्या दिवसापासून कित्येक महिने पाटील बायकोशी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात गजराबाईने वाहरूला निरोप पाठवून ते इंजिन काढून न्यायला सांगितले. तो आला. पाटील खाटेवर बसून पाहत होते. इंजिन बैलगाडीत चढल्यावर पाटलांनी हात पुढे केला आणि तुटलेली सळई मागितली. वाहरूने माझ्या खालून ती ओढून त्यांच्या हातावर ठेवली. पाटलांनी तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. तिथली निम्मी जागा गंजाने तांबूस होती. तडा फार जुना होता. फक्त उरलेली निम्मी जागा ताजी, चमकती होती.

मग कित्येक महिन्यांनी बायकोला उद्देशून बोलले.

"त्याले जेवाडीसन धाड."

गजराबाईने स्वतःच्या घरातल्या पितळी ताटात वाढले. वाहरू ओसरीच्या पायरीपर्यंत आला, ताटाकडे पाहिले, पाटलांकडे पाहिले. मग बैलांकडे वळला आणि गाडी हाकली. ताट तसेच निवून गेले.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझ्यावर छप्पर घाला, असे मी मागत नाही. एवढेच सांगते, की ज्याच्याशी तुमचे भांडण आहे तो माणूस एखाद्या दिवशी तुम्हाला खरे सांगायला येईल. त्याचा आवाज तुम्हाला कडू लागेल. तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहू नका. खाली वाका आणि सळई तपासा.