अध्यक्षांच्या नावाची ईमेल

पवनीच्या मच्छीमार सोसायटीच्या तळ्यात बोटुकली तयार होती. बोटाएवढी ही मासोळीची पिल्ले जिल्ह्यातल्या इतर सोसायट्या नेऊन आपापल्या तलावांत सोडतात. त्या सोसायट्यांची नोंदणी संकेतस्थळावर झाली होती, पिल्ले येऊन घेऊन जा, अशा ईमेल त्यांना सोमवारी गेल्या होत्या; पण गुरुवार उजाडला तरी एकही गाडी आली नव्हती. तळ्यात दाटी झाली होती. पिल्ले पाण्यावर येऊन तोंडे उघडत होती.

संकेतस्थळ सचिव ज्योत्सना मारबते हिने स्वतः तयार केले होते. दरवर्षी सगळी बोटुकली एक व्यापारी नेऊन या सोसायट्यांना विकत असे. यंदा सोसायट्यांना थेट विकायची, हा तिचा आग्रह होता. अध्यक्ष लिलाधर नान्हे कार्यालयात आले ते निर्णय घेऊनच.

"चार वाजता व्यापाऱ्याची गाडी येऊन राहिली. तुह्या मशीनच्या भरवशावर पिल्लं माराची का?"

"काका, चारपर्यंत थांबा. नाही जमलं तर त्याच्या गाडीत मीच भरून देईन. पुढच्या वर्षी संकेतस्थळाचं नावही काढणार नाही."

तिने नाकाडोंगरीच्या सोसायटीचे गोपीचंद यांना फोन लावला.

"कोठची ईमेल? आमी वाटच पाहून राहिलो ना बाई. पत्राशिवाय गाडी काढली, त मेंबर मलेच तलावात टाकतीन."

त्यांचेही बरोबर होते. मागच्या हंगामात व्यापाऱ्याशी फोनवर ठरलेले सौदे फिरले होते. त्यामुळे लेखी पत्र, निदान ईमेल, आल्याशिवाय गाडी काढायची नाही, असे सगळ्यांनी ठरवले होते.

ज्योत्सनाने संकेतस्थळासारखीच ईमेल पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली आणि स्वतःच्या खाजगी पत्त्यावर एक ईमेल पाठवली. 'पाठवली' असे उत्तर आले. ईमेल मात्र आली नाही, स्पॅममध्येही नव्हती. म्हणजे स्क्रिप्टने ती सोसायटीच्या ईमेल पोचवणाऱ्या सर्व्हरच्या हाती दिली होती, एवढेच खरे. पुढे काय झाले, ते स्क्रिप्टला ठाऊक नव्हते.

"पण तू त तपासलं होतं म्हणे," संचालक रेवताबाई म्हणाल्या. जाळे खांद्यावर टाकून त्या तळ्यावरून नुकत्याच आल्या होत्या.

"सोसायटीच्याच पत्त्यावर पाठवून पाहिलं होतं, मावशी. तो पत्ता त्याच सर्व्हरवर आहे. ईमेल घराबाहेर पडलीच नव्हती."

"म्हंजे आपल्याच अंगणात जाळं फेकलं."

नाकारलेली ईमेल कुठेतरी परत येतेच. ज्योत्सनाने सर्व्हरवरच्या खात्याची पेटी उघडली. ही पेटी आजवर कुणी पाहिली नव्हती. परत आलेल्या सगळ्या ईमेल तिथे पडून होत्या आणि प्रत्येकीवर कारण एकच होते: या पाठवणाऱ्याच्या नावाने ईमेल पाठवण्याचा या सर्व्हरला अधिकार नाही.

पाठवणारा म्हणून संकेतस्थळावर, आणि म्हणून चाचणीतही, लिलाधरकाकांचा मोबाईलवरचा खाजगी ईमेल पत्ता होता. तो तिने विचार करूनच घातला होता. तलावात जाळे कधी टाकायचे, हे इथे अध्यक्षाच्याच नावाने सांगितले जाते. दुसऱ्या कुणी सांगितले तर लोक घरून निघत नाहीत. पण काकांची ईमेल सेवा वेगळी आणि सोसायटीचा सर्व्हर वेगळा. परका सर्व्हर काकांचे नाव सांगत दारात आला, म्हणून पलीकडच्यांनी त्याला परत पाठवले होते.

"काका, तुमचा पत्ता काढावा लागेल."

"काहून? माह्या नावानं गेलं नाही त येईल कोण?"

"भाऊ, तुह्या नावानं गेलं म्हणूनच त कोणी आलं नाही," रेवताबाई म्हणाल्या.

लिलाधर स्वतःच हसले. ज्योत्सनाने त्यांना पडदा दाखवला. पाठवणाऱ्याच्या जागी 'लिलाधर नान्हे, अध्यक्ष' हेच राहणार होते. त्यामागचा पत्ता तेवढा सोसायटीचा असणार होता. कुणी उत्तर दिले तर ते काकांच्या मोबाईलवरच येणार होते.

"मंग घाल," ते म्हणाले.

पुढची चाचणी आली, पण स्पॅममध्ये. सोसायटीच्या वतीने ईमेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे, हे सोसायटीच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या तिच्या नावाच्या नोंदीत, जाहीर केलेलेच नव्हते. तिने ती एका ओळीची नोंद घातली. ती सगळीकडे पोचेपर्यंत थांबणे भाग होते. लिलाधर दारात उभे राहून रस्ता पाहू लागले. रेवताबाईंनी तळ्याचा पंप सुरू करवला; फवाऱ्याने पाण्यात हवा मिसळताच पिल्ले खाली गेली.

तिसरी चाचणी थेट इनबॉक्समध्ये आली. ज्योत्सनाने सगळ्या सोसायट्यांच्या ईमेल पुन्हा पाठवल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली.

लिलाधरांच्या खिशात मोबाईल वाजला. पुन्हा वाजला. मग थांबेचना.

"नाकाडोंगरी," त्यांनी मोठ्याने वाचले. "'पत्र मिळाले. पहाटे गाडी घेऊन येतो.' अन् हे पाय, शहापूरवाले आजच निघून राहिले!"

व्यापाऱ्याची गाडी ठरल्या वेळी फाटकात शिरली. लिलाधर स्वतः पुढे गेले.

"परत न्या, शेठ. माल गेला."

"कोणाले देला?"

"जिल्ह्याले," लिलाधर म्हणाले आणि शहापूरच्या गाडीसाठी जागा करायला त्यांनी व्यापाऱ्याला गाडी बाहेर घ्यायला लावली.