शिवणाच्या डब्यातला टेप

मित्रांनो, मी मोजमापाचा एक जुना टेप आहे. पिवळी पोलादी पट्टी, पोटात स्प्रिंग आणि टोकाला वाकडं नाक, एवढाच माझा संसार. पहिले आठ-दहा आकडे तर पार पुसून गेले आहेत.

मला आणलं एका सुतारांनी. "लाकूड खोटं बोलेल, हा बोलणार नाही," असं ते कौतुकाने म्हणत. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलीकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे आलो. ताई दारं-खिडक्या बदलून देणाऱ्या एका कंपनीत लागल्या होत्या. दारोदार जायचं, मापं घ्यायची आणि गोड बोलून फॉर्मवर सही मिळवायची, हे त्यांचं काम. गोड बोलणं सोडलं तर बाकी सगळं त्यांना छान जमत असे.

कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना एक युक्ती शिकवली होती. गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणालं, की टेप तिथेच विसरून यायचं. दुसऱ्या दिवशी तो न्यायला जायचं, की पुन्हा बोलणं काढता येतं. असा मी कितीतरी घरांत मुद्दाम विसरला गेलो. मला त्याची फार लाज वाटे.

एका महिन्यात ताईंना एकही सही मिळाली नाही. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत एक तरी आणा, नाहीतर सोमवारी येऊ नका."

त्याच आठवड्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींकडे गेलो. आजी एकट्याच राहत. त्यांची खिडकी लागता लागत नव्हती. मापं झाली, पण आजी म्हणाल्या, "विचार करून सांगते." झालं! ताईंनी मला सोफ्याच्या उशीमागे सरकवलं.

दार लागताच आजींनी मला शोधून काढलं आणि शिवणाच्या डब्यात, बटणांच्या शेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, तर आजी म्हणतात कशा, "टेप? नाही हो दिसला. बसा, चहा टाकते." तिसऱ्या दिवशीही तेच. दोघी तासभर बोलत बसल्या. मी डब्यात कासावीस, पण मला का तोंड आहे?

शनिवारी आजींनीच फॉर्म मागितला. "सगळ्या खिडक्या बदला. काम संपेपर्यंत तुम्ही येत राहाल ना?"

ताईंनी पेन पुढे केलं आणि मागे घेतलं. "आजी, सही झाली की मी येत नाही. पुढे कारागीर येतात. आणि खरं सांगू? खिडकी धड आहे. बिजागरीचे स्क्रू तेवढे ढिले झालेत." त्यांनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत खिडकी लावून दाखवली.

आजी उठून आत गेल्या. मग डबा घेऊन आल्या. "खोटं बोलले गं. हा पहिल्याच दिवशी सापडला होता."

"मीही विसरले नव्हते, आजी. मुद्दाम ठेवून गेले होते."

चोरावर मोर! दोघी हसल्या आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले. माझीही पट्टी आत थरथरली.

सोमवारी ताईंची नोकरी गेली. दोन महिने त्यांनी फार ओढगस्तीत काढले. आता त्या एका हार्डवेअरच्या दुकानात आहेत, आणि तिथे गोड बोलावं लागत नाही. दर रविवारी त्या आजींकडे येतात आणि जाताना मला उशीमागे ठेवून जातात. मग आजी मला पुन्हा शिवणाच्या डब्यात ठेवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या टेपला ओल लागू देऊ नका, कधीतरी तेलाचा थेंब द्या. आणि एकट्या माणसाच्या घरी काहीतरी विसरून या. मात्र ते आणायला नक्की जा.

गेल्या रविवारी ताईंना उशीर झाला. आजी दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. मग त्यांनी डबा उघडला, मला पाहिलं आणि हलकेच झाकण लावलं.

"आहे की इथेच," त्या म्हणाल्या, "म्हणजे येईल." आणि त्यांनी दोन कप चहाचं आधण ठेवलं.